चुलीवरची साखळी

तिबिलिसी, 5 सप्टेंबर

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "माणसं सोडून गेलेली गावं बघायला एवढ्या लांब कशाला गं गेलात?" आणि तेवढ्यात रेंज गेली. तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून आज बसून नीट लिहितेय. आई वाचून दाखवेल. तिला म्हणावं, कुत्र्यांचा भाग गाळू नकोस, मी धडधाकट आहे.

ट्रुसो ही जॉर्जियातली, कॉकेशस पर्वतातली दरी. तिबिलिसीहून उत्तरेला रशियाच्या हद्दीकडे जुना लष्करी रस्ता जातो. त्यावरची सुमारे 2400 मीटर उंचीची खिंड उतरलं की कोबी नावाचं लहानसं गाव लागतं आणि तिथून डावीकडे तेर्गी नदीच्या कडेने दरी आत शिरते. हीच नदी पुढे रशियात तेरेक म्हणून वाहते आणि कॅस्पियन समुद्राला मिळते. आम्ही दोघी, मी आणि माझी वर्गमैत्रीण, आदल्या रात्री कोबीत एका आजींच्या घरी मुक्कामाला होतो.

त्या आजी ओसेती समाजाच्या. जन्म ट्रुसोतल्या केट्रिसी गावचा. दरीतली जवळजवळ सगळी वस्ती ओसेतीच होती. सोव्हिएत संघ मोडत असताना, 1991-92 मध्ये, जॉर्जियातल्या दक्षिण ओसेतिया या ओसेती भागावरून लढाई पेटली. जॉर्जियन आणि ओसेती शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा उडाला आणि ट्रुसोतली बहुतेक घरं डोंगरापलीकडे, रशियातल्या उत्तर ओसेतियात निघून गेली. या आजींचं लग्न कोबीत झालेलं, म्हणून त्या राहिल्या. भाऊ-बहिणी सगळे पलीकडे.

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर खिळ्याला एक काळी लोखंडी साखळी टांगलेली होती. मनगटाएवढ्या जाड कड्या, खाली आकडा. मी विचारलं तशा त्या एकदम बोलत्या झाल्या. कॉलेजच्या वॉर्डात पेशंटशी बोलण्यापुरतं जॉर्जियन मला येतं, ते इथे कामी आलं. ओसेती घरात ही साखळी चुलीवर आढ्यापासून लोंबते आणि तिच्या आकड्याला हंडा अडकवतात. तिला रॅखिस म्हणतात. तिचा राखणदार देव आहे, साफा. नवी सून साखळीभोवती फेऱ्या घालून घरची व्हायची. कुणी ती ओढून बाहेर फेकली तर तो अख्ख्या कुळाचा अपमान, त्यावरून खून पडायचे. आजी म्हणाल्या, "भाऊ निघाला तेव्हा बाकी सगळं टाकून गेला. साखळी मात्र काढली आणि माझ्याकडे आणून दिली. हद्दीवर कुणी काढून घेईल, म्हणाला."

आणि अजून एक ऐक. ओसेती भाषेत आईला 'माद' म्हणतात, नावाला 'नोम' आणि दहाला 'दॅस'. ही भाषा इराणी कुळातली, म्हणजे आपल्या भाषेची दूरची मावसबहीण. मी "नाव", "दहा" म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

सकाळी निघताना त्यांनी कागदाच्या तुकड्यावर चौकोन काढून दिले. बुरुजाच्या वरच्या अंगाला तिसरं घर. एवढं बघून या, म्हणाल्या.

पहिला टप्पा जीपने आणि पुढे पायी. सुरुवातीला घळ इतकी अरुंद की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. मग दरी अचानक रुंद होते आणि जमिनीचा रंगच बदलतो: पांढरी, पिवळी, गंजासारखी तांबडी. डोंगरातून झरणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, त्यामुळे ते वाटेतला चुनखडक विरघळवत येतं. उघड्यावर आलं की वायू उडून जातो आणि चुना थरावर थर बसत राहतो. तांबडा रंग लोखंडाचा. एक वाळकी काटकी उचलली, तर तिच्यावर चुन्याची साल चढलेली, आणि आत गवताचं पातंही जसंच्या तसं अडकलेलं. पुढे आबानोचं तळं आहे. पाणी थंडगार, पण सतत उकळल्यासारखं बुडबुडतं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, पाण्यालगत साचून राहतो, म्हणून वाकून तोंड खाली न्यायचं नाही. मैत्रीण फोटोसाठी वाकायला लागली तेव्हा तिला मी मागे ओढलं.

आता कुत्रे. मेंढपाळांचे असतात, वासरागत अंगाचे, कान कापलेले. कळपाच्या जवळून गेलं तर ते आपल्याला लांडगाच समजतात. तिघं भुंकत धावून आले. आम्ही जागीच उभ्या राहिलो, पळालो नाही, आणि मेंढपाळाला हाक मारली. त्याने वरून शीळ घातली तसे तिघेही वळले. बस्स, एवढंच झालं.

केट्रिसीत पोचलो. दगडावर दगड रचलेली घरं, मधे पडका बुरूज. उन्हाळ्यात गुरं घेऊन येणारी दोन-चार माणसं सोडली तर कोणी नाही. तिसरं घर सापडलं. छत गेलंय, पण दाराच्या वरचा आडवा दगड शाबूत आहे. आत छातीएवढं झुडूप माजलेलं, अंगाला लागलं की आग होते त्या पानांचं. जिथे माणसं आणि गुरं वर्षानुवर्षं नांदली तिथल्या कसदार मातीतच ते असं माजतं. घरं पडून गेली तरी ते झुडूप बघून सांगता येतं की इथे अंगण होतं, इथे गोठा. ते वाचल्यापासून मला 'ओसाड' हा शब्द वापरवत नाही.

मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. आत बोट फिरवलं तर काजळी लागली. पाऊस तिथवर पोचलाच नव्हता. तीस वर्षांपूर्वी शेवटच्या पेटलेल्या चुलीचा धूर, आजी, माझ्या बोटावर. बराच वेळ मी हात पुसला नाही.

पुढे आबानो गावात छोटा मठ आहे, आणि टेकडीवर झाकागोरीचा पडका किल्ला. त्याच्या पायथ्याशी सीमा पोलिसांनी पासपोर्ट बघितले. तिथून पुढे जायला मनाई. दरी मात्र सरळ पुढे जाते, गवत तेच, नदी तीच.

संध्याकाळी आजींना फोनमधले फोटो दाखवले. छत नाही हे मी आधीच सांगून टाकलं. त्यांनी नुसती मान हलवली. कोनाड्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग घरामागच्या उताराच्या फोटोवर थांबल्या आणि विचारलं, "हे गवत कुणी कापलंय?"

मी म्हटलं, माहीत नाही, पण ताजं कापलेलं होतं, पेंढ्या वाळत टाकल्या होत्या.

"भिंतीपर्यंत कापलंय?"

हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबर. आमची हद्द भिंतीपर्यंतच होती." आणि उठून चहा टाकायला गेल्या.

कोनाड्याचा आणि साखळीचा फोटो बाबांच्या फोनवर पाठवलाय, मोठा करून बघ. कॉलेज सोमवारपासून सुरू. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते आईला सविस्तर कळवायला सांग, नुसतं "बरं आहे" नको.

तुझी,
मनू