कढी उकळली म्हणून सारे संपत नाही

रविवारच्या पुरवणीतील दह्यावरचा लेख आवडला. पण ‘ताक उकळून कढी केली की त्यातला सगळा गुण जातो’ हे विधान पटले नाही. उकळल्यावर जिवाणू मरतात, हे खरेच. मात्र मरण्यापूर्वी त्यांनी जे तयार करून ठेवलेले असते, ते सगळे त्यांच्याबरोबर जात नाही. लॅक्टिक आम्ल कढीत राहतेच, नाहीतर ती आंबट लागलीच नसती!

याचे उत्तम उदाहरण म्हणजे निसिन. दुधात वाढणारा ‘लॅक्टोकोकस लॅक्टिस’ हा जिवाणू ३४ अमिनो आम्लांचे हे छोटे प्रथिन बनवतो आणि त्याने इतर काही जिवाणूंची वाढ रोखतो. हा परिणाम १९२८ मध्ये प्रथम नोंदवला गेला. आम्लधर्मी पदार्थात निसिन उकळूनही टिकते, म्हणूनच चीजसारखे पदार्थ टिकवण्यासाठी ते २३४ या खाद्य-मिश्रक क्रमांकाने (पदार्थात मिसळायच्या घटकांना दिलेला क्रमांक) वापरले जाते. घरच्या प्रत्येक विरजणात ते असेलच असे नाही. विरजणातले जिवाणू घरोघरी वेगळे असतात.

उपयुक्त ठरणाऱ्या निर्जीव जिवाणूंना आणि त्यांच्या घटकांना आता ‘पोस्टबायोटिक’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये त्याची व्याख्याही केली. जिवंत जिवाणूच हवे असतील तर ताजे ताक प्यावे. पण इडली-ढोकळा वाफवून खाणाऱ्यांना आंबवण्याचा काहीच लाभ नाही, असे सुचवणे घाईचे वाटते.

– एक वाचक, सांगली