बोटीचं जुनं मशीन भंगारात घालायच्या आधी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे पत्र लिहितोय, जागा असली तर छापा, कृष्णाकाठच्या गावांना उपयोग होईल. मी चिकोडी तालुक्यातला, नदीवरचे पंप आणि मोटारसायकली दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. आमच्याकडं पाणी चढायला लागलं की कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज असे खालचे पूल पाण्याखाली जातात आणि मळ्यातल्या वस्तीवर माणसं-जनावरं अडकली की बोटीशिवाय इलाज नसतो. 2005, 2019, 2021 तिन्ही पूर बघितलेत. गावात बोट असते हो, पण तिच्या मागं लावायचं मशीन वर्षभर ताडपत्रीखाली पडून, आणि ऐनवेळी पोरं दोरी ओढून ओढून हाताला फोड आणतात.

आमच्या मंडळाकडं 25 हॉर्सपॉवरचं जुनं टू स्ट्रोक मशीन आहे, वर्गणी काढून घेतलेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये वस्तीवर जाताना ते दर दोन-चार मिनिटाला दम टाकायला लागलं. पेट्रोलच्या पाईपला मधे जो रबरी फुगा असतो तो माझ्या पुतण्यानं दाबला की परत पळायचं, सोडला की बसायचं. पोरगं जाता-येता सगळा वेळ तो फुगा दाबत बसलं, बोटीत दोन म्हाताऱ्या, एक लेकुरवाळी आणि शेळी, आणि बाजूनं ओढ असलेलं पाणी. मला आजही तो हात दिसतो.

पूर ओसरल्यावर मशीन शहरात नेलं तर एकानं ठिणगीची कॉईल आणि प्लग बदलून दिले, पैसे गेले, रोग तसाच. दुसऱ्यानं कार्बोरेटर गेलाय, नवीन मशीनच घ्या म्हणून सांगितलं. मग मीच पोरांना म्हटलं थांबा रे, आधी विचार करू. फुगा दाबला की चालतंय म्हणजे ठिणगी पडतीय, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) आहे, कमी पडतंय ते पेट्रोल. कॉईलचा संबंधच नाही! आपल्या नदीवरच्या पंपाला पाईपमधून हवा धरली की पाणी उचलत नाही, हे शेतकऱ्याला शिकवायला लागत नाही, हे तसंच. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला, तो उघडाच होता (बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि मशीन थोडं चालून बंद पडतं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक). मग फुगा दाबून कडक केला आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही. राहिला तो इंजिनवरचा छोटा पेट्रोल पंप. तो खोलला, आतला डायफ्रॅम (पातळ पडदा) उजेडाकडं धरला तर टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला. तेवढ्या भोकापायी मशीन भंगारात निघालं होतं! नवीन डायफ्रॅम टाकला, आजतागायत चालतंय.

म्हणून सांगतो, पार्ट बदलायच्या आधी प्लग काढून बघा. दोरी ओढूनपण प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल पोचत नाही, ओला निघाला तर ठिणगीचा घोळ नाहीतर चोक जास्त झालाय. अजिबात ठिणगी नसली तर पहिलं बंद करायच्या बटणाला लावायचं लाल दोरीचं सेफ्टी क्लिप जागेवर आहे का बघा, ते नसलं की मशीन मेलं तरी चालू होत नाही. गार असताना चालतंय आणि तापलं की ठिणगी जाते, परत गार झालं की येते, असं असेल तर मग कॉईल, सीडीआयकडं (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वळा. आणि दोन सिलेंडर असतील तर कॉम्प्रेशन गेज लावून दोन्हीतला फरक बघा, दहा टक्क्याच्या आत असला तर त्या मशीनला मोडीत काढू नका.

पेट्रोलचं तर बोलायलाच नको. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी खाली बसतं. मागच्या दिवाळीचं पेट्रोल जूनमध्ये वापरू नका, थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा, पाणी धरलं असलं तर तळाला त्याचा थर स्वच्छ दिसतो. काम झालं की पाईप काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो, नाहीतर जेटमध्ये (त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक) चिकट डिंक धरतो. पेट्रोलमध्ये ऑईल मशीनच्या कंपनीनं सांगितलंय तेवढंच घाला, आमच्याला 50 ला 1 लागतं म्हणजे लिटरला 20 मिली, अंदाजानं ओतू नका.

अजून एक, पुराच्या पाण्यात गाळ, उसाचा पाला, जलपर्णी. मशीन चालू असताना मागनं मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार उडायलाच पाहिजे, ती बंद झाली की लगेच थांबवा. कधी धारेच्या भोकात नुसता गाळ अडकलेला असतो, तार घालून बघा, नाहीतर आतला रबरी इम्पेलर (पाणी ओढणारं चक्र) गेलाय. आणि कृपा करून मशीन कोरडं चालू करून बघू नका, पाण्याशिवाय इम्पेलर जळायला काही सेकंद पुरतात. दोनशे लिटरचं बॅरल भरा, पाणी ओढायची भोकं पूर्ण बुडवा, न्यूट्रलमध्ये ठेवून चालवा.

ज्या ज्या गावात बोट आहे तिथल्या पंचायतीनं नाहीतर मंडळानं मे महिन्यातच एक दिवस असं बॅरलमध्ये मशीन चालवून बघावं, एवढीच मागणी आहे. तालुका ऑफिसनं आपल्या ताब्यातल्या बोटींचंपण हेच करावं. कॉम्प्रेशन गेज आणि साबणाचं पाणी माझ्याकडं आहे, गाव कुठलंही असो, बॅरल तेवढं तुम्ही भरून ठेवा, मी येतो.

आपला,
एक वाचक, कृष्णाकाठ, ता. चिकोडी, जि. बेळगाव