गाडीवरून घरात वीज घेण्याबाबत विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
नागाळा पार्क, कोल्हापूर

विषय : इलेक्ट्रिक गाडीवरून फ्लॅटमध्ये वीज घेण्यास बंदी न घालणेबाबत.

स.न.वि.वि.

गाडीवरून फ्लॅटमध्ये वीज घेण्यावर बंदी घालण्याबाबतची समितीची नोटीस मिळाली. पार्किंगमधून जिन्यावरून वायर वर नेली, ही चूक माझीच. अंधारात कुणाचा पाय अडकला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं? पण साहेब, तेवढ्यावरून कायमची बंदी घालू नका.

त्या रात्री वळवाच्या पावसात तारांवर झाड पडलं आणि लाईट गेली ती पहाटेपर्यंत. आपला जनरेटर लिफ्ट, मोटर आणि जिन्यातल्या दिव्यांपुरताच. आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं म्हणून सिलिंडर लावला, तर दीडच्या सुमारास त्याचा काटा लाल पट्ट्यावर आला. तेव्हा मी गाडीकडे धावलो. गाडीच्या सॉकेटमधून २३० व्होल्ट, ३.३ केव्हीएपर्यंत (साधारण ३,३०० वॉट) वीज मिळते आणि आईच्या मशीनला जेमतेम ३५० वॉट लागतात. म्हणजे अख्ख्या दिवसाला साडेआठ युनिटं. गाडीच्या बॅटरीत ४० युनिटं मावतात.

मी आधीच घरच्या बोर्डाला चेंजओव्हर, म्हणजे घराची वीज बाहेरच्या लाईनवरून गाडीवर वळवणारा स्विच, बसवून घेतला होता. त्यावरून एक ट्यूब लावली की गाडी ट्रिप, म्हणजे तिची वीज आपोआप बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा ट्रिप. शेवटी बोर्ड सोडून एक्स्टेंशनची वायर थेट वर नेली आणि मशीन सकाळपर्यंत चाललं. म्हणजे गाडीत दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरमननी बोर्ड उघडला तेव्हा उलगडा झाला. चेंजओव्हर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, बदलत होता. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, मात्र इमारतीच्या न्यूट्रलला तशीच जोडलेली. माझ्या गाडीत न्यूट्रल आणि अर्थ (अर्थिंगची तार) आतूनच जोडलेले आहेत. त्यामुळे परतीचा थोडा करंट इमारतीच्या न्यूट्रलवरून अर्थिंगमार्गे जात होता. गेलेला आणि आलेला करंट जुळेना, की गाडीचं संरक्षण वीज तोडायचं. ते तोडत होतं हे आपल्या सगळ्यांचं नशीब, कारण असं जोडलेलं न्यूट्रल तारा दुरुस्त करणाऱ्या माणसालाही धोक्याचं. इलाज एकच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा टू-पोल चेंजओव्हर. तो आणि पार्किंगपासून माझ्या फ्लॅटपर्यंत पाइपातून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मी स्वखर्चाने, परवानाधारक वायरमनकडून बसवीन. जिन्यात काही राहणार नाही.

काही सभासदांनी विचारलं, मग सोसायटीची मोटर यावर चालेल का? नाही. ३ एचपीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, गाडी लगेच बंद पडेल. महापुरातही याचा भरवसा धरू नये. २०१९ आणि २०२१ आपण पाहिलं आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की मी गाडी पार्किंगमधून काढून उंचावर नेणार, आणि आईलाही.

परवानगी मिळाल्यास येत्या रविवारी सकाळी ११ वाजता काम करून घेतो. माझ्या फ्लॅटचा मेन बंद करून वायरमन सर्वांसमोर चाचणी देतील. आपण आणि सचिव पार्किंगमध्ये यावं, ही विनंती.

आपला नम्र,
सभासद, पहिला मजला