पॅडिंग्टनच्या गळ्यातली चिठ्ठी

महोदय,

मायकल बाँड यांच्या १९५८ पासूनच्या पुस्तकांवर पॉल किंग यांनी २०१४ मध्ये दिग्दर्शित केलेला 'पॅडिंग्टन' हा चित्रपट नुकताच नातवासोबत पुन्हा पाहिला. पेरू देशातून लंडनच्या स्थानकावर आलेल्या पॅडिंग्टन नावाच्या अस्वलाच्या गळ्यात 'कृपया सांभाळ करा' अशा अर्थाची चिठ्ठी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील शहरांतून खेड्यांकडे पाठवलेल्या मुलांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या बाँड यांच्या मनात होत्या. चित्रपट हे समजावून सांगत बसत नाही, मात्र जुन्या वस्तूंचे दुकानदार ग्रुबर बालपणीच्या परदेशगमनाविषयी बोलतात आणि खेळण्यातली आगगाडी चहा घेऊन टेबलावरून येते, त्या प्रसंगात सारे काही येते.

पुस्तकात नसलेली, प्राण्यांत भुसा भरणारी खलनायिका मला अनाठायी वाटली (नातू तर तिला पाहून मांडीवरच येऊन बसला), कारण सांडलेले मार्मलेड (संत्र्याचा मुरंबा) आणि तुंबलेले न्हाणीघर एवढे भांडवल कथेला पुरेसे होते. आपल्या पुरवणीतील बालचित्रपटांच्या परीक्षणांत मूळ पुस्तकातले काय राखले आणि काय बदलले, याचीही नोंद यावी, ही विनंती. चित्रपटात बाँड स्वतः पॅडिंग्टनच्या टॅक्सीकडे पाहून पेला उंचावताना क्षणभर दिसतात, हे आम्हाला दुसऱ्यांदा पाहतानाच कळले.

— एक वाचक, पुणे