माघारीतला सेनापती

महोदय,

नेपोलियनच्या १८१२ मधील रशियन स्वारीवरचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. फ्रेंचांच्या वाताहतीचे जवळजवळ सगळे श्रेय त्यात थंडीच्या पदरात टाकले आहे आणि प्रिन्स प्योत्र बाग्रातियोन या सेनापतीचा साधा नामोल्लेखही नाही, याचे वाईट वाटले. म्हणून हे पत्र.

जॉर्जियाच्या राजघराण्यातील एका शाखेत १७६५ मध्ये जन्मलेला बाग्रातियोन रशियन सैन्यात खालच्या पायरीवरून चढत गेला आणि १७९९ मध्ये रशियन सेनानी सुवोरोव्हच्या इटली-स्वित्झर्लंड मोहिमेत नावारूपाला आला. माघार घेणे त्याच्या स्वभावातच नव्हते, तरी त्याची सर्वांत मोठी कामगिरी माझ्या मते माघारीतलीच आहे. नोव्हेंबर १८०५ मध्ये ऑस्ट्रियातील शोनग्राबेर्नजवळ रशियन सरसेनापती कुतुझोव्हचे मुख्य सैन्य निसटावे म्हणून सुमारे सात हजार शिपायांनिशी त्याने कित्येक पटींनी मोठी फ्रेंच फौज थोपवून धरली. १८१२ च्या उन्हाळ्यात नेपोलियनचा सेनापती दाव्हू याने मिन्स्क घेऊन त्याची वाट अडवली, तेव्हा बोब्रुइस्कमार्गे दक्षिणेचा वळसा घालून आणि नीपर नदी ओलांडून त्याने आपले सैन्य स्मोलेन्स्कला दुसरा रशियन सेनापती बार्क्ले द टॉली याच्या सैन्याला नेऊन मिळवले. दोन्ही सैन्यांना एकेकटे गाठून चिरडण्याचा नेपोलियनचा बेत तिथेच फसला. तेव्हा ऑगस्ट महिना होता, बर्फाचा पत्ताही नव्हता.

या माघारीवरून बार्क्लेशी त्याचे कमालीचे वितुष्ट आले होते. ७ सप्टेंबरला मॉस्कोच्या वाटेवरील बोरोदिनो येथे डावी बगल लढवत असताना तोफगोळ्याची कपची त्याच्या डाव्या नडगीत घुसली. शिपायांचा धीर सुटू नये म्हणून तो काही क्षण घोड्यावरच बसून राहिला आणि तोल जाऊ लागल्यावरच त्याला खाली उतरवले गेले. सैन्याचे भवितव्य आता तुमच्या हाती आहे, असा निरोप त्याने त्याच बार्क्लेला धाडल्याचे सांगितले जाते. सतरा दिवसांनी सिमा गावी त्याचा मृत्यू झाला.

१८३९ मध्ये त्याच्या अस्थी बोरोदिनोच्या रणस्मारकापाशी आणल्या गेल्या. १९३२ मध्ये सोव्हिएत राजवटीत ते स्मारक सुरुंग लावून उडवण्यात आले. त्याच राजवटीने १९४४ मध्ये बेलारूस मुक्त करणाऱ्या प्रचंड मोहिमेला त्याचे नाव दिले, आणि मिन्स्क व बोब्रुइस्क ही त्याच्या वाटेवरची शहरे त्या मोहिमेत जर्मनांकडून परत मिळाली. स्मारक पुन्हा उभे राहायला मात्र १९८७ साल उजाडले.

लेखमालेच्या पुढील भागात स्मोलेन्स्कपर्यंतच्या त्या वाटचालीला जागा द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा