तक्त्यावरची शेवटची ओळ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धर्म आणि आचरण यांतील अंतराविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अधूनमधून पत्रे येतात. ती वाचताना एक गोष्ट नेहमी जाणवते, ती अशी की जवळजवळ प्रत्येक पत्रलेखक दुसऱ्या कोणाच्या तरी ढोंगावर बोट ठेवत असतो. मी ख्रिस्ती आहे. सोलापूर जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांत शासकीय रुग्णालयांमध्ये नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि बरीच वर्षे आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत, बायबल अभ्यासाचा वर्ग घेत आलो. ‘आध्यात्मिक अंधत्व’ हा विषय आमच्याकडे उत्तम शुक्रवारापूर्वीच्या (गुड फ्रायडेच्या आधीच्या) उपवासकाळात उपदेशाला हटकून येतो आणि तो ऐकताना आम्ही सारे माना डोलावतो, कारण आंधळा म्हणजे चर्चबाहेरचा कोणीतरी, हे आमच्यात न बोलता ठरलेले असते. हे पत्र त्या माना डोलावण्याविषयी आहे, आणि त्यात माझी मान सर्वांत पुढे होती.

आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मोतीबिंदूचा रुग्ण आपणहून येतो. धुरकट दिसते, सुईत दोरा ओवता येत नाही, बसवरची पाटी वाचता येत नाही, अशी त्याची तक्रार असते. काचबिंदूचा रुग्ण मात्र बहुधा तक्रार घेऊन येत नाही. त्याची नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत टिकते, आणि कडेचा जो भाग गेला तिथे त्याला काळोख दिसत नाही, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्रावरून भरून काढतो. अक्कलकोट भागातल्या एका शिबिरात असा एक शेतकरी सहा मीटरवरून तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचून गेला आणि वर मलाच म्हणाला, “साहेब, माझी नजर पोरांपेक्षा चांगली आहे.” त्याच्यासोबत आलेली बायको मात्र सांगत होती की हे चालताना उंबऱ्याला आणि बैलाला धडकतात. मी समोर बसून, त्याचा एक डोळा झाकून, कडेने बोट आत आणू लागलो, तेव्हा ते बोट नाकासमोर येईपर्यंत त्याला दिसले नाही. ही तपासणी स्वतःची स्वतः करता येत नाही; समोर दुसरा माणूस आणि त्याचे बोट लागते. शिवाय काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उपचाराने फक्त उरलेली राखता येते, म्हणून कळायला जेवढा उशीर तेवढे नुकसान.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मी या रुग्णाच्या आठवणीशिवाय वाचू शकत नाही. जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि अख्खा अध्याय त्याच्या चौकशीत जातो. ज्यांना शास्त्र पाठ आहे ते त्याला, त्याच्या आईबापांना आणि पुन्हा त्याला प्रश्न विचारत राहतात आणि शेवटी त्याला बाहेर घालवतात. मग काही परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, विचारतात, आम्हीही आंधळे आहोत काय? त्यावर येशूचे उत्तर असे आहे की तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसते, पण आम्हाला दिसते असे तुम्ही म्हणता म्हणून तुमचे पाप तसेच राहते. दोष न दिसण्याचा नाही, ‘दिसते’ म्हणण्याचा आहे. हा अध्याय मी वर्गात कितीदा शिकवला याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी परूशी म्हणून माझ्या डोळ्यांसमोर मंडळीतलेच दोन-तीन ठरावीक चेहरे असत.

मार्काने आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट अधिक कसबाने मांडली आहे. आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याला दोन टप्प्यांत दिसू लागते. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. त्याच्या किंचित आधी येशूने शिष्यांनाच विचारलेले असते की डोळे असून तुम्हाला दिसत नाही काय, आणि लगेच पुढे पेत्र हा शिष्य ‘तू ख्रिस्त आहेस’ असे म्हणून, त्याच बैठकीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाला विरोध करून, ‘सैताना’ अशी संभावना ओढवून घेतो. पेत्राचा पहिला टप्पा झालेला होता, दुसरा व्हायचा होता. दहाव्या अध्यायात तर येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे? पहिल्यांदा तो याकोब व योहान यांना विचारतो आणि ते वैभवात उजवीडावीकडच्या जागा मागतात. दुसऱ्यांदा यरीहोच्या वाटेवर भीक मागणाऱ्या बार्तीमयाला विचारतो आणि तो दृष्टी मागतो. मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीच्या दिवसांत हा भाग वाचायला घेतला, तर खोलीत बरीच खाकरणी ऐकू येतात.

आता शास्त्राभ्यासाकडे येतो, कारण आम्ही नियमाने बायबल वाचतो म्हणजे आम्हाला दिसते, हा आमचा पक्का समज आहे. आमच्या घराघरांत भिंतीवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन लावलेले असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मुलाची दहावी, मुलीचे लग्न, गाळ्याचे कर्ज, प्रत्येक प्रसंगी हे वचन उपयोगी पडते. पण ते बाबेलला पाडाव करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या अलीकडचे वचन सांगते की सुटका सत्तर वर्षांनी होईल, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मरणानंतर, आणि त्याच्याही अलीकडे ताकीद आहे की तुम्हाला हवी ती स्वप्ने सांगणाऱ्या संदेष्ट्यांकडून फसू नका. फसू नका असे सांगणाऱ्या परिच्छेदातूनच आम्ही आपल्या आवडीचा तुकडा कापून चौकटीत बसवला. वचनांना क्रमांक देण्याची आज रूढ असलेली पद्धत रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ च्या नव्या करारापासून पाडली, ती सापडायला सोपे जावे म्हणून. लिहिणाऱ्यांनी लिहिले ते सलग. सोयीसाठी पाडलेल्या त्या खाचांवरून आम्ही शास्त्र चॉकलेटच्या वडीसारखे मोडून खातो.

संदर्भ सोडून वाचणाऱ्यांना मी वर्गात असे पुष्कळ टोचले आहे. माझी स्वतःची गोष्ट मात्र संदर्भ काटेकोरपणे पाहूनच घडली, म्हणून ती सांगणे मला जास्त जड जाते. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाशी वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून अकरा वर्षे माझे बोलणे नव्हते. चूक कोणाची किती, हा मजकूर इथे नको. त्या अकरा वर्षांत योहानाचे पहिले पत्र मी वर्गात निदान तीनदा शिकवले. त्यात लिहिले आहे की जो आपल्या भावाचा द्वेष करतो तो अंधारात चालतो, आपण कोठे जातो हे त्याला ठाऊक नाही, कारण अंधकाराने त्याचे डोळे आंधळे केले आहेत. मी फळ्यावर ग्रीक शब्द लिहून समजावत असे की या पत्रात ‘आदेल्फोस’ म्हणजे विश्वासातला बंधू, मंडळीचा सभासद. रक्ताच्या नात्याचा इथे संबंध नाही. हे स्पष्टीकरण चूक नाही, बहुतेक भाष्यकार तसेच म्हणतात. पण माझ्या भावाने मंडळीत येणे सोडले होते, आणि त्यामुळे माझ्या व्याख्येत तो बसत नव्हता. मी हे जाणूनबुजून केले नाही. जाणूनबुजून केले असते तर त्याला लबाडी म्हणता आले असते आणि लबाडी कधीतरी बोचते. मला तर आपण अभ्यासू आहोत याचे समाधान वाटत होते.

सोलापुरातल्या वर्गाची एक मौज अशी की एका खोलीत तीन भाषांतली बायबले उघडलेली असतात. पूर्व भागातली तेलुगू घरे आपले बायबल आणतात, एक-दोघे कन्नड आणतात, बाकी आम्ही मराठीवाले. गेल्या वर्षी मी फळ्यावर ‘आदेल्फोस’ लिहिला, तेव्हा कॉलेजात शिकणारी एक तेलुगू मुलगी म्हणाली, “काका, आमच्या बायबलमध्ये इथे ‘सहोदरुडु’ आहे. सहोदर म्हणजे एका पोटचा ना?” कन्नडवाल्याने आपले पान चाळून सांगितले की आमच्यातही सहोदरच आहे. मी म्हणालो की तो भाषांतराचा प्रश्न आहे. घरी येऊन शब्दकोश काढला. ‘आदेल्फोस’ची व्युत्पत्ती ग्रीकमध्ये गर्भाशयाला असलेल्या शब्दावरून होते, म्हणजे एका कुशीतला, शब्दशः सहोदर. अर्थात व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हेही मला ठाऊक होते आणि मी लगेच त्या फटीतून निसटू पाहिले. पण त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात योहान भावाच्या द्वेषाचे उदाहरण म्हणून काइनाचे नाव घेतो, ज्याने आपल्या पाठच्या भावाला मारले. ते वचन मी तिन्ही वेळा शिकवले होते आणि तिन्ही वेळा ते माझ्या नजरेच्या कडेला राहिले होते.

यावर कोणी म्हणेल की हा एका हेकट म्हाताऱ्याचा घरगुती प्रश्न आहे. मी जॉन न्यूटनचे उदाहरण देतो. १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात या इंग्रज खलाशाचे मन देवाकडे वळले. त्यानंतर १७५० ते १७५४ या काळात तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. वर डेकवर प्रार्थना आणि शास्त्रवाचन चाले, खाली माणसे साखळदंडात असत. जहाज सोडले तेही आजारपणामुळे. पुढे तो पाळक झाला आणि ‘मी आंधळा होतो, आता मला दिसते’ असे म्हणणारे, आज जगभर गायिले जाणारे गीत त्याने लिहिले, त्याचे पहिले गायन १७७३ च्या नववर्षदिनाचे मानले जाते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे पश्चात्तापाची पुस्तिका त्याने छापली ती १७८८ मध्ये, म्हणजे ते गीत लिहून झाल्यावर पंधरा वर्षांनी. ‘आता दिसते’ ही ओळ त्याने खोटेपणाने लिहिली असे मला वाटत नाही. त्याला माणसे झाडांसारखी दिसत होती.

आपल्या जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे कोणी पकडण्याआधी त्यांनीच स्वतःला पकडले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही, आणि पुढे त्यांनी हे लिहूनही ठेवले. संस्कृत शास्त्रांत पंडिता ही पदवी मिळवलेल्या, नंतर हिब्रू-ग्रीक मुळावरून आख्खे बायबल साध्या मराठीत आणणाऱ्या बाईंचे हे म्हणणे आहे. पुण्याहून सोलापूरकडे येणारी गाडी केडगावावरून, रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या गावावरून, जाते तेव्हा मला याची आठवण होते आणि थोडी लाजही वाटते.

बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली लावदिकीयाची मंडळी तर आपल्या गावाची शेजारीण शोभावी. काळ्या लोकरीच्या कापडासाठी आणि वैद्यकशाळेसाठी नावाजलेले ते श्रीमंत शहर होते, इ. स. ६० च्या भूकंपानंतर त्यांनी रोमची मदत न घेता शहर पुन्हा उभारले. त्याच्या अवशेषांजवळचे तुर्कस्तानातले देनिझ्ली शहर आजही टॉवेलांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे चादरी-टॉवेलवाल्या सोलापूरकराला तिथे परके वाटू नये. अशा वैद्यांच्या गावातल्या मंडळीला सांगितले आहे की तू आंधळा आहेस, डोळ्यांत घालायला माझ्याकडून अंजन विकत घे. डोळ्यांच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने हा टोमणा स्वतःला लावून घ्यायला हवा होता.

दावीद राजाला नियमशास्त्र ठाऊक नव्हते असे नाही. आपल्या सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवले, आणि तरी राज्यकारभार सुरळीत चालू होता. नाथान संदेष्ट्याने येऊन गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली तेव्हा तो संतापून म्हणाला की असे करणारा मरणदंडास पात्र आहे. दुसऱ्याचा म्हणून सांगितलेला अन्याय त्याला लख्ख दिसला. मग नाथानाने समोरून बोट दाखवले. आमच्या बायबल वर्गांत, सभांत, शिबिरांत या बोटाला जागा आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. एकजण दीड तास बोलतो, शेवटी ‘काही शंका?’ असे विचारतो आणि घड्याळाकडे पाहतो. ज्या मुलीने खरी शंका विचारली तिला तो भाषांतराचा प्रश्न आहे असे सांगून गप्प बसवतो. डोळ्यातल्या मुसळाचे वचन आपल्या सर्वांना पाठ आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे घराची तुळई आहे. मराठी भाषांतराने कुसळाला मुसळ असे यमक जुळवले आणि ते वचन इतके जिभेवर बसले की आपण ते बहुतेक वेळा दुसऱ्यालाच ऐकवतो.

भावाकडे मी गेलो होतो. त्याने चहा दिला. मी फळ्यावरच्या ग्रीक शब्दाची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “दादा, तुला इथे यायला शब्दकोश लागला.” वाटणीचा दावा अजून निकाली निघालेला नाही, आणि आम्ही दोघेही तारखेला जातो, आता एकाच रिक्षाने. या उपवासकाळात वर्गाला योहानाचे पत्र पुन्हा लागले आहे. तिसरा अध्याय ती तेलुगू मुलगी घेणार आहे आणि मी मागच्या बाकावर बसणार आहे.

पत्रात दुसऱ्याचा उल्लेख असल्याने माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी,
सोलापूर