मुलांना लिहितं केल्यावर पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना लिहितं करा, म्हणजे त्यांचं मन मोकळं होईल, हा सल्ला अलीकडे सगळीकडे ऐकू येतो; आपल्या पुरवणीतही तो नुकताच वाचला. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा मला माझ्याच एका चुकीतून शिकावा लागला, म्हणून हे पत्र.

मी १३ ते १८ वयाच्या मुलांना कथालेखन शिकवते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीने गोष्ट लिहिली होती. गोष्टीतली मुलगी आपल्या वस्तू एकेक करून वाटून टाकते. रंगपेटी धाकट्या भावाला, पुस्तकं मैत्रिणीला, भिंतीवरचं चित्र शेजारच्या लहानग्याला. शेवटी खोली इतकी रिकामी होते की तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. त्या आवाजावर मी खूश झाले. समासात ‘वा!’ लिहिलं आणि नेमका तपशील कसा निवडावा याचा नमुना म्हणून ती गोष्ट वर्गात वाचून दाखवली. घरी तिने खरोखरच वस्तू वाटायला सुरुवात केली होती. आवडत्या वस्तू अशा अचानक देऊन टाकणं ही आत्महत्येच्या विचारांची एक ओळखीची खूण आहे, हे मला माहीत नव्हतं. तिच्या आईला मात्र शंका आली आणि मुलगी वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचली. आज ती बरी आहे. ते ‘वा!’ मी विसरू शकलेले नाही.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. प्रत्येक अंधाऱ्या गोष्टीत मला संकट दिसू लागलं. एका मुलाला तर मी सगळ्यांसमोर विचारलं, “हे तुझंच आहे का रे?” तो “नाही” म्हणाला आणि पुढचे दोन महिने त्याने फक्त सुखान्त गोष्टी लिहिल्या. व्याकरण बिनचूक, पण त्या गोष्टींत जीव नव्हता. त्याच्या हातात एकच आडोसा होता, तो मी काढून घेतला होता.

कथा हा आडोसाच असतो. ‘मी’ला जे उच्चारता येत नाही ते ‘तो’ला सहज उच्चारता येतं. म्हणून वर्गात आता माझा नियम पक्का आहे: पानावरच्या माणसाबद्दलच बोलायचं. या मुलाला काय हवंय? ते मिळत का नाही? तो खोलीचं दार लावतो तेव्हा बाहेर कोण असतं? हे शेवटचं मी मुद्दाम विचारते. फार खचलेल्या मुलांच्या गोष्टीत बहुतेक वेळा एकच पात्र असतं. आई नाही, मित्र नाही, दारावर कुणी टकटक करत नाही. मी त्यांना उपदेश करत नाही, फक्त एवढं सांगते की गोष्टीत दुसरं कुणीतरी आण. ते शहाणं असायची गरज नाही, चुकीचं बोललं तरी चालेल. एकाने मोठा भाऊ आणला. तो दारातून आत डोकावतो, “माझा चार्जर बघितलास का?” एवढंच विचारतो आणि जाता जाता थबकतो. त्या थबकण्याने गोष्ट बदलली. भाऊ मदत मागायला आला नव्हता, द्यायलाही नाही. पण आता खोलीला दार होतं. चांगल्या संवादात खरी गोष्ट शब्दांच्या आड राहते, हे मी पाठ्यपुस्तकासारखं कितीही समजावलं असतं तरी त्या चार्जरइतकं कळलं नसतं.

लिहिण्याच्या फायद्यांबद्दल बोलताना जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं ते पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. मात्र लिहून उठल्या उठल्या तीच मुलं आधीपेक्षा खिन्न होती, हा भाग दाखला देणारे गाळतात. शिक्षकासाठी तोच महत्त्वाचा आहे. घंटा वाजेपर्यंत मुलांना मनातलं उकरायला लावायचं आणि घंटा वाजली की वही मिटून घरी पाठवायचं, हे मला क्रूर वाटतं. माझ्या तासाची शेवटची दहा मिनिटं कुणी लिहीत नाही. खिडकीतून दिसणारी एखादी वस्तू आम्ही तोंडी वर्णन करतो, विशेषणाशिवाय. हा निरीक्षणाचा सरावही आहे आणि पाय पुन्हा जमिनीवर टेकवण्याचा मार्गही.

पेनेबेकर यांच्या पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. कथा शिकवणाऱ्या कुणालाही हे वाचून आनंद होईल, कारण आम्ही तेच शिकवत असतो. ‘आणि मग’ने जोडलेल्या घटनांची जंत्री होते; ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ आले की कथानक उभं राहतं. पण एखादं मूल तीन-तीन आठवडे तोच प्रसंग त्याच वाक्यांत लिहीत असेल, तर ते लिखाण पुढे सरकत नाहीये, नुसतं भोवऱ्यात फिरतंय. अशा वेळी मी निवेदक बदलायला सांगते. तीच रात्र धाकट्या बहिणीच्या नजरेतून लिही. तिला काय दिसलं, काय दिसलं नाही? कधी कधी एवढ्याने वाट सुटते. सुटली नाही, तर मी समजते की हे काम आता माझ्या विषयाच्या पलीकडचं आहे.

इथून पुढचा भाग वर्गाबाहेरचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या दर ७ मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो. माझ्या वर्गात साधारण २० मुलं असतात, म्हणजे हे ज्याचं त्याने मनात करायचं गणित आहे. जी गोष्ट वाचून पोटात खड्डा पडतो, ती लिहिणाऱ्याला मी एकटं गाठते आणि जे वर्गात कधीच विचारत नाही तेच साध्या शब्दांत विचारते: “तुझ्या पात्राला मरावंसं वाटतंय. तुला तसं वाटतं का?” असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक पालक-शिक्षकाला असते. ती खरी नाही. थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट बोलायला परवानगी मिळते. ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं मात्र विचारू नये. त्या वाक्यात हवं असलेलं उत्तर आपणच भरून ठेवलेलं असतं.

उत्तर ‘हो’ आलं, तर मी त्याला एकटं सोडत नाही. घरच्यांशी बोलते, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचेपर्यंत सोबत राहते. गुपित ठेवायचं वचन मी कुणालाच देत नाही. वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगून ठेवते: इथलं लिखाण इथेच राहील, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी ते माझ्यापाशी ठेवणार नाही, आणि कुणाला सांगणार हे आधी तुम्हाला सांगेन. हे ऐकून मुलं लिहायची थांबतील असं मला वाटलं होतं. एकही थांबलं नाही.

आणखी एक गोष्ट मी चुकवत नाही. त्या बोलण्यानंतर त्याची गोष्ट मी नेहमीसारखीच तपासून परत देते. दुसरा परिच्छेद लांबलाय, शेवट घाईत उरकलायस, हे वाक्य छान. मदत घ्यायला सुरुवात केली की आपण सगळ्यांच्या नजरेत फक्त आजारी मूल उरतो, असं मुलांना वाटतं. समासातल्या खुणा त्यांना सांगतात की लेखक म्हणूनही त्यांची वाट बघितली जातेय.

‘औषध घेतलं तर माझं लिहिणं जाईल का?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. दुःखाशिवाय कला नाही ही समजूत मुलांच्या मनात आपण मोठ्यांनी, आणि लेखकांच्या शोकांतिकांना सजवून छापणाऱ्यांनी, घातली आहे. मी जे पाहिलंय ते याच्या उलट आहे. नैराश्य झोप नेतं, एकाग्रता नेतं आणि वाक्य पूर्ण करायचं बळही नेतं. मुलं परत लिहू लागली ती सावरल्यावर.

आता आपल्याकडे मागणं. किशोरांसाठीच्या कथास्पर्धा वृत्तपत्रं घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी तिथल्या वृत्तपत्रांतल्या बातम्या तपासून २०१० साली मांडलेलं निरीक्षण आपल्याला ठाऊक असेल: आत्महत्येचा विचार येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांबद्दल छापून आलं, तिथे पाठोपाठ आत्महत्यांचं प्रमाण घटल्याचं दिसलं. मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातल्या पापागेनो या पात्रावरून त्यांनी त्याला नाव दिलं. हताश झालेल्या पापागेनोला त्याच्याजवळच असलेल्या जादूच्या घंटांची आठवण करून देतात ती तीन मुलं. तेव्हा उदास गोष्टी छापूच नका, असं मी म्हणत नाही. छापा, पण त्यातला मृत्यूचा मार्ग आणि साधन यांचं वर्णन काढून टाका, शीर्षकात मृत्यू मिरवू नका आणि खाली मदतीचा क्रमांक द्या, ठळक अक्षरात.

आणि स्पर्धेच्या अर्जात एक रकाना वाढवा. ‘माझ्या विश्वासातलं मोठं माणूस’: नाव आणि फोन, मुलाने स्वतः निवडलेलं, आई-वडीलच हवेत असं नाही. एखादी गोष्ट वाचून आपल्या परीक्षकांना काळजी वाटली, तर निकालाची वाट न बघता त्या माणसाला फोन करता येईल. ज्या अर्जात तो रकाना कोरा असेल, त्या अर्जाची गोष्ट सगळ्यांत आधी वाचा.

आपली,
एक लेखनशिक्षिका